अँबॅसिडरचं ऑइल प्रेशर गरम झाल्यावर पडतंय, पंप बदलू का?

निपाणीहून ज्यांनी विचारलंय त्यांचा प्रश्न आधी थोडक्यात सांगतो, म्हणजे बाकीच्यांनाही संदर्भ लागेल. गाडी १९७७ ची अँबॅसिडर मार्क ३, पेट्रोल, आजोबांच्या वेळेपासून घरात आहे. सकाळी थंड चालू केली की गेजवर ५५ पीएसआय (प्रेशर मोजायचं एकक), हायवेला ४० च्या आसपास, पण कोल्हापूरला जाऊन आलं आणि दारात गाडी आयडलला, म्हणजे रेस न देता नुसती चालू, उभी केली की काटा ८-१० वर उतरतो आणि लाल दिवा मिणमिणायला लागतो. तीन मेस्त्रींना दाखवली. एक म्हणाला इंजिन उतरवा, क्रँक (पिस्टन फिरवतात तो मुख्य शाफ्ट) गेलाय. दुसरा म्हणाला ऑइल पंप बदला. तिसऱ्यानं जाड ऑइल घाला आणि वरनं एक डबा औषध ओता म्हणून सांगितलं. आणि आता प्रश्न असा की पंप कुठला मागवू, नवा की जुन्या गाडीचा.

पाव्हणं, पंप मागवू नका. कधीच नको असं नाही, आज नको. तिघं मेस्त्री चुकले असंही मी म्हणत नाही, त्यातला एखादा बरोबर निघेलही, पण तिघांपैकी एकानंही दुसरं गेज लावून बघितलं नाही, आत ऑइल कुठलं आहे ते विचारलं नाही, हे तुमच्या लिहिण्यावरनंच कळतंय. पंप कुठला हा प्रश्न नंतरचा. गरम झाल्यावर प्रेशर खरंच पडतंय का, आणि पडत असेल तर कुठनं गळतंय, हे आधी. मी बेळगावात गॅरेज चालवतो, तीस वर्षं होऊन गेली, सुरुवातीची बरीच वर्षं अँबॅसिडर आणि फियाट हेच पोटापाण्याचं काम होतं, आणि या एका तक्रारीपायी विनाकारण उतरवलेली इंजिनं इतकी बघितलीत की म्हटलं जरा बसून लिहावं. गाडी समोर नाही, आवाज ऐकलेला नाही, त्यामुळं निकाल मी इथनं देऊ शकत नाही. कुठल्या क्रमानं बघायचं आणि का, ते सांगतो.

तुमच्या गाडीत १४८९ सीसीचं बीएमसी बी-सिरीज इंजिन आहे, मॉरिस ऑक्सफर्डकडनं आलेलं. नंतरच्या १८०० इसुझूवाल्या गाड्यांचं सगळं वेगळं, तिथले आकडे इथं लावू नका. क्रँकला तीनच मेन बेअरिंग, कॅमशाफ्ट ब्लॉकमध्ये, आणि पंप खाली चेंबरमध्ये, म्हणजे इंजिनाखालच्या ऑइलच्या टाकीत, कॅमवरनं फिरतो. मूळ डिझाइनला क्रँकच्या मागच्या टोकाला रबरी सील नाही, शाफ्टवर आट्यांसारखी खाच आहे ती ऑइल परत आत ढकलते, त्यामुळं गाडी उभी केली की क्लच हाऊसिंगखाली चार थेंब पडणारच. ते थेंब बघून कुणी म्हणालं की 'बघा, सगळं ऑइल इथनं जातंय म्हणून प्रेशर नाही', तर त्याच्याकडं गाडी सोडू नका.

आता प्रेशर म्हणजे काय ते. पंप प्रेशर तयार करत नाही, पंप फक्त ऑइल ढकलतो. प्रेशर तयार होतंय ते ऑइलला जायला वाट अरुंद असते म्हणून. तुमच्याकडं उसाला ठिबक असेल तर लगेच कळेल. मोटर तीच, पाणी तेवढंच, पण मधेच एक जॉइंट सुटला की शेवटच्या सरीला थेंब येत नाही. तिथं आपण मोटर बदलतो का? आधी लाईन चालत जाऊन बघतो. इंजिनात या 'सरी' म्हणजे क्रँकला ब्लॉकमध्ये धरणारे मेन बेअरिंग, बिगेंड (कनेक्टिंग रॉडचं क्रँककडचं बेअरिंग), कॅमचे बुश आणि वर व्हॉल्व्ह उघडणाऱ्या रॉकरांचा शाफ्ट. क्रँक आणि बेअरिंग शेल (बेअरिंगची अर्धगोल पाती) यांच्यामध्ये एक ते अडीच थाऊ (थाऊ म्हणजे इंचाचा हजारावा भाग) गॅप असतो, त्यातनं ऑइल सरकत बाहेर पडतं. आणि इथं एक गोष्ट ध्यानात ठेवा, बारीक फटीतनं होणारी गळती गॅपच्या घनाच्या प्रमाणात वाढते. गॅप दुप्पट झाला की गळती दुप्पट होत नाही, आठपट होते. म्हणून बेअरिंग थोडं झिजलं की बराच काळ काही कळत नाही आणि मग एका वर्षात काटा धाडकन खाली येतो, लोकांना वाटतं कालपर्यंत तर बरी होती.

दुसरी गोष्ट ऑइलची जाडी. २० डब्ल्यू ५० ऑइल १०० अंशाला निदान १६.३ सेंटीस्टोक (जाडीचं माप) असायलाच लागतं, तर कुठलंही ३० ग्रेडचं ऑइल त्याच तापमानाला ९.३ ते १२.५ च्या मधे. म्हणजे इंजिन तेच, पंप तोच, नुसतं ऑइल बदललं की गरम आयडलचं प्रेशर बरंच खालीवर होऊ शकतं. तुम्ही ऑइल कुठलं आहे ते लिहिलंच नाही. मागं एकाची गाडी आली होती, भाच्यानं प्रेमानं ५ डब्ल्यू ३० सिंथेटिक घातलेलं, शोरूममध्ये नव्या गाड्यांना घालतात तेच, महागातलं. मामा इंजिन बोअर करायच्या तयारीनं आलेला. ऑइल काढलं, २० डब्ल्यू ५० भरलं, फिल्टर बदलला, सात-आठ पीएसआय वर आलं, चहा पिऊन गेले दोघं.

तिसरी गोष्ट रिलीफ व्हॉल्व्ह, आमच्याकडं नुसतं 'रिलीफ वॉल' म्हणतात. थंड असताना ऑइल जाड, प्रेशर फार चढू नये म्हणून जास्तीचं ऑइल परत चेंबरमध्ये सोडणारी ही खिडकी. एक स्प्रिंग, एक प्लंजर, संपलं. ती वरची मर्यादा ठरवते, खालची नाही. हे विसरून लोक काय करतात, स्प्रिंगच्या मागं वॉशर घालून ती ताणतात. थंड गाडीचा काटा ५५ वरनं ७० ला जातो, मालक खूश, आणि गरम आयडलला परत ते आठच. कारण आठ पीएसआयला ती खिडकी बंदच असते, तिला आणखी जोरात बंद करून काय मिळणार.

एवढं कळलं की आकडे आपोआप बोलायला लागतात. थंड असतानाही काटा ३० च्या वर जात नसेल तर रिलीफ वॉल उघडा अडकलाय, नाहीतर पंप खरंच संपलाय. रेस वाढवली की प्रेशर वाढायच्या ऐवजी उतरत असेल तर चेंबरमधली, पंप जिच्यातनं ऑइल ओढतो ती जाळी चोक आहे, पंपाला ऑइल ओढता येत नाही. चोर्ला घाटाच्या वळणांवर किंवा ब्रेक दाबला की काटा लवून परत उठत असेल तर आधी डिपस्टिक बघा, ऑइल कमी आहे. थंड चांगलं, रोडला चांगलं, फक्त गरम आयडलला कमी, हा तुमचा प्रकार, आणि यात संशयित पाच: गेज, आयडलचा स्पीड, पातळ झालेलं ऑइल, नीट बंद न होणारा रिलीफ वॉल, आणि झीज. झीज शेवटी, कारण तिला पैसे लागतात. बाकी चार जवळजवळ फुकटात तपासता येतात.

या इंजिनाला गरम असताना चालत्या गाडीत ५० च्या आसपास आणि आयडलला १५ हा चांगला आकडा. तुमचं ४० आणि ८-१०. म्हणजे थोडं कमी आहे, मेलेलं नाही. आमच्या उस्तादांचा हिशोब होता, दर हजार आरपीएमला दहा पीएसआय मिळालं की झोपायला जा. ४० वर गाडी हायवेला पळते आहे म्हणजे भार असताना बेअरिंगला ऑइल मिळतंय. आयडलला भार जवळजवळ नसतोच, तिथं दहा पीएसआयवर हे इंजिन वर्षानुवर्षं चाललेलं मी बघितलंय.

आता गेज. तुमच्याकडं दिवा पण आहे आणि मागनं बसवलेलं काट्याचं गेज पण, म्हणजे कुणीतरी ब्लॉकवर टी लावून दोन्ही जोडलंय. दिव्याचा स्विच साधारण ४ ते ८ पीएसआयला लागतो. गेज ८-१० दाखवत असताना दिवा मिणमिणतोय म्हणजे दोघांपैकी एक जण थोडं खोटं बोलतोय, कुठला ते घरबसल्या कळणार नाही. डॅशवरच्या स्वस्त गेजला खालच्या टोकाला पाच-सात पीएसआयचा फरक असणं अगदी साधी गोष्ट आहे, आणि आपलं सगळं भांडण त्या पाच-सातवरच चाललंय. खानापूरच्या एका मास्तरांची गाडी आठवते, गेजची बारीक नळी फायरवॉलच्या भोकात रबर न घालता ओवलेली, कापून चेपलेली, काटा उठायलाच अर्धा मिनिट. मास्तर त्या काट्यापायी दोन महिने झोपले नव्हते. आणि नुसत्या दिव्यावर तर अजिबात जाऊ नका. गोकाककडचा एक टॅक्सीवाला तोंड पाडून आला, 'अण्णा, लाल लाईट हत्तैती' (लाल दिवा लागलाय), बघतो तर स्विचची वायर सोलून ब्लॉकला टेकलेली. त्या वायरला अर्थ मिळाला की दिवा लागणारच, आत प्रेशर साठ असो नाहीतर शून्य.

म्हणून पहिलं काम, कुणाकडनं तरी चांगलं टेस्टिंग गेज आणा आणि थेट ब्लॉकवरच्या भोकाला लावा. तिथली आटी जुनी इंग्लिश आहे, मेट्रिक नाही. 'बसतंय की' म्हणत पान्यानं जोर देऊ नका, ब्लॉकची आटी गेली तर प्रेशर बाजूला राहील आणि नवंच दुखणं लागेल, बरोबर अ‍ॅडाप्टर मिळतो किंवा टर्नरकडनं करून घ्या. मग गाडी फिरवून आणा. दारात वीस मिनिटं चालू ठेवलेली गाडी गरम झाली असं समजू नका, त्यात पाणी गरम होतं, ऑइलला वेळ लागतो. तुमच्याकडं सोय आहे, हायवेनं तवंदी घाट चढून संकेश्वरपर्यंत जा आणि परत या. आल्या आल्या आयडल, १०००, २००० आणि ३००० आरपीएम असे चार आकडे कागदावर लिहा. आरपीएमचं मीटर गाडीत नसेल तर ट्यूनिंगवाल्याकडं असतं.

आरपीएम मुद्दाम म्हणतोय. पेट्रोल वाचवायच्या नादात लोक आयडलचा स्क्रू इतका सैल करतात की इंजिन ४५० वर कसंबसं घुटमळत असतं. पंप इंजिनानंच फिरतो, आणि तोही कॅमवरनं, म्हणजे क्रँकच्या निम्म्या स्पीडनं. तिथं कुठलं प्रेशर येणार? आयडल ६५०-७०० ला आणा आणि मग बघा. नुसत्या अर्ध्या फेऱ्याच्या स्क्रूवर दिवा विझलेली गाडी मी दाखवू शकतो.

दुसरं काम डिपस्टिक. नुसती लेव्हल नको, वास घ्या. ऑइलला पेट्रोलचा वास येतोय का, एक थेंब पेपरच्या कागदावर टाका आणि थोड्या वेळानं बघा, भोवती पातळ फिकट कडं पसरलं तर शंका घ्या. आणि ऑइल न घालता लेव्हल वाढत असेल तर शंका नाही, खात्रीच. इंजिनाच्या अंगावर मेकॅनिकल पेट्रोल पंप असेल तर त्याचा पडदा फाटला की पेट्रोल सरळ खाली चेंबरमध्ये जातं. चोक अर्धवट ओढलेला राहिला किंवा कार्ब्युरेटरची निडल धरत नसली तरी तेच. तुमची गाडी आठवड्यातनं एकदा मार्केटपर्यंत जाऊन येते म्हणालात, अशा गाडीत हे जास्त होतं, कारण ऑइल कधी नीट तापतच नाही आणि मिसळलेलं पेट्रोल उडून जात नाही. डिपस्टिकला दुधाळ, मळकट लोण्यासारखं काही लागलं तर पाणी मिसळतंय, मग प्रेशरचा विषय बाजूला ठेवा आणि हेड गॅसकेटकडं वळा.

वास-बीस नसला तरी ऑइल आणि फिल्टर बदलूनच पुढं जा, २० डब्ल्यू ५०, साधं मिनरल, जुन्या इंजिनाला चालणारं. या इंजिनात टॅपेट कॅमवर सरळ घासतात, त्यामुळं झिंकचं प्रमाण बरं असलेलं ऑइल त्यांना मानवतं. नव्या गाड्यांच्या ऑइलमध्ये ते कमी केलेलं असतं, म्हणजे महागाचं ऑइल आपल्या गाडीला चांगलंच असेल असं नाही. फिल्टर जुन्या पद्धतीचा, डब्यात कागदी एलिमेंट असलेला असेल तर दोन गोष्टी बघा, वरच्या खाचेतलं जुनं रबर काढलंय का आणि डब्याच्या तळाची स्प्रिंग-वॉशर जागेवर आहेत का. जुन्या रबरावर नवं रबर बसवलं की रस्त्यात सगळं ऑइल बाहेर येतं, आणि ते दोन किलोमीटरच्या आत येतं.

एवढं करूनही गरम आयडल दहाच्या खाली राहिलं तर चेंबर खोलायच्या आधी रिलीफ वॉल. वर म्हटलं ना की आठ पीएसआयला ती खिडकी बंद असते, पण नीट बंद असेल तर. प्लंजरच्या बसायच्या जागेवर कचरा अडकला किंवा खाच पडली तर तिथनं कायम थोडं ऑइल निसटत राहतं. थंड जाड ऑइलला ते जाणवत नाही, गरम पातळ ऑइलला जाणवतं, म्हणजे लक्षण अगदी झिजलेल्या बेअरिंगसारखंच दिसतं. म्हणून हे न बघता इंजिन खोलणारा माणूस मला पटत नाही. इंजिनाच्या डाव्या अंगाला, ब्लॉकच्या मागच्या टोकाकडं एक घुमटासारखा मोठा नट दिसेल. तो गाडी थंड असताना खोला. खाली हात धरा, स्प्रिंग बाहेर येईल. प्लंजर मात्र आतच बसून राहील, तो पोकळ पेल्यासारखा असतो. चिमटा-पक्कड घालून ओढू नका, चरे पडतील. मी एक बांबूची काडी निमुळती तासून ठेवलीय, ती त्या पेल्यात हलक्या हातानं दाबून अडकवायची आणि फिरवत फिरवत बाहेर घ्यायची, ऑइलनं माखलेला प्लंजर सुळकन येतो. उजेडात धरून त्याच्या बसणाऱ्या कडेवरनं नख फिरवा. मागच्या वर्षी हुक्केरीच्या एका गाडीत त्या कडेवर केसाएवढी खाच आणि ब्लॉकच्या सीटवर पत्र्याचा कपचा, तांदळाच्या कणीपेक्षा लहान. बारीक ग्राइंडिंग पेस्टनं प्लंजर सीटवर अलगद घासून घेतला, पेस्ट पूर्ण पुसून, पेट्रोलनं धुवून, नवीन स्प्रिंग घालून बसवलं. गरम आयडल नऊवरनं सतरा. चेंबर खोललं नाही, इंजिन उतरवलं नाही. नव्या स्प्रिंगशेजारी जुनी उभी करून बघा, जुनी बुटकी दिसली तर बदला, आणि नटाखालचे दोन्ही वॉशर नवीन घाला.

हे सगळं करूनही आकडा तोच राहिला, तर मग झीज. आता चेंबर काढायचं. इंजिन माउंट सैल करून इंजिन थोडं उचलावं लागलं तर लागेल, पण खाली उतरवायची गरज नसते. चेंबर निघालं की लगेच ते धुवायला देऊ नका! तळाचा गाळ बोटांनी चाचपा, चुंबक फिरवा. चुंबकाला लागलं ते लोखंड, न लागलेली पिवळट-चंदेरी चकाकी म्हणजे बेअरिंगचा मुलामा. इथं सिलिकॉनची गोष्ट सांगितल्याशिवाय राहवत नाही. एका गाडीचं रेस केली की प्रेशर उतरायचं. जाळी काढली तर लाल सिलिकॉनच्या शेवया चिकटलेल्या, शेवेच्या झाऱ्यातनं पाडल्यासारख्या. आधी कुणीतरी गॅसकेट बसवताना दोन्ही बाजूंना भरभरून सिलिकॉन फासलेलं, बाहेर दिसलं तेवढं पुसलं, आत गेलेलं जाळीनं गोळा केलं. गॅसकेटला सिलिकॉन लावायचंच असेल तर टूथपेस्टसारखं नको, बोटानं पुसल्यासारखं.

मग बिगेंडच्या एक-दोन कॅप खोला आणि शेल बघा. चांगलं शेल करडं, एकसारखं, मळकट चंदेरी. वरचा थर जाऊन तांब्याचा रंग दिसायला लागला की ते संपलं. डोळ्यावर भरवसा नको, प्लॅस्टिगेजची बारीक काडी मिळते, ती शेलवर ठेवून कॅप बरोबर टॉर्कला आवळायची, परत खोलून किती चपटी झाली ते कागदाच्या पट्टीशी लावायचं, गॅप थाऊमध्ये कळतो. मधे क्रँक फिरवू नका, काडी पुसली जाईल. तीन-चार थाऊच्या पुढं गेलं तर नुसतं शेल बदलून भागत नाही. क्रँकचं जर्नल (शेलमध्ये फिरणारा भाग) गोल राहिलंय का ते मायक्रोमीटरनं दोन बाजूंनी मोजून बघायला लागतं, आणि ग्राइंडिंग करून दहा, वीस, तीस, चाळीस थाऊ यातलं पुढच्या साइजचं शेल घालायला लागतं. हे काम उद्यमबागेत व्यवस्थित होतं, आपल्या बेळगावला मशीनिंगची माणसं कमी नाहीत, फक्त मोजमाप लिहून घ्या आणि समोर उभं राहा.

चेंबर निघालेलं असताना पंप हातात येतोच, तीन नट काढले की झालं. आता त्याला फिलर गेज (फट मोजायच्या पातळ पट्ट्या) लावा. आतला आणि बाहेरचा रोटर यांच्या दातांमध्ये ६ थाऊच्या वर गॅप नको, बाहेरचा रोटर आणि बॉडी यात १० थाऊच्या वर नको, आणि सपाट पट्टी ठेवून वरचा एंड-फ्लोट (रोटर आणि पट्टी यातली फट) ५ थाऊच्या आत. यात बसला तर पंप चांगला आहे, परत लावा, पैसे वाचवा. नाही बसला तर बदला, पण नवीन पंपालाही हेच फिलर गेज लावूनच घ्या. गाडीचं उत्पादन २०१४ ला बंद झालं, आता बाजारात जे नवीन म्हणून मिळतं त्यात चांगलंही आहे आणि भंगारही आहे. नव्या खोक्यातला पंप जुन्यापेक्षा सैल निघालेला मी स्वतः परत केलाय. एक अडचण कॅमच्या बुशांची, ते झिजले तर तिथनंही ऑइल जातं आणि ते इंजिन पूर्ण खोलल्याशिवाय नीट दिसत नाहीत. मेन आणि बिगेंड चांगले, पंप चांगला, वॉल चांगला, तरी प्रेशर नाही, असं झालं तरच त्यांच्याकडं बोट दाखवायचं.

पहिले मेस्त्री क्रँक म्हणाले ते आवाजावरनं म्हणाले असतील तर मात्र ऐका. बिगेंड गेलं असेल तर ॲक्सिलरेटर हलका सोडला-धरला की टकटक असा कोरडा आवाज येतो. मेन गेलं असेल तर चढाला भार पडल्यावर खालनं घुमल्यासारखा जड आवाज येतो. लांब स्क्रू ड्रायव्हर ब्लॉकला टेकवून मूठ कानाला लावा, फरक कळतो. असा आवाज असेल तर वरचं सगळं सोडा, गाडी चालवू नका, चेंबर खोला. आवाज नसेल तर क्रँक गेलाय हे नुसत्या काट्यावरनं कुणी सांगू नये.

तिसऱ्या मेस्त्रींचं औषध. ते ऑइल जाड करतं, काटा दोन-चारनं वर येतो, खरंय. पण गळती तिथंच राहते, आणि सकाळी थंड इंजिनात ते जाड ऑइल रॉकरपर्यंत पोचायला उशीर लावतं. विकायची गाडी असेल तर लोक घालतात, त्याबद्दल मी काही बोलत नाही. आजोबांची गाडी ठेवायची आहे ना? मग नको.

पंप काढलाच तर परत बसवताना तो ऑइलनं भरून बसवा, कोरडा नको. मी शिकाऊ होतो तेव्हा कोरडाच बसवला, चेंबर लावलं, ऑइल भरलं, ऐटीत सेल्फ मारला, इंजिन चालू झालं आणि काटा शून्यावर. उस्तादांनी पळत येऊन चावी काढली, माझ्याकडं एकदाच बघितलं, आणि चेंबरचे सगळे बोल्ट मला परत एकट्याला काढायला लावले. तेव्हापासून पंप भरलेला, प्लग चारी काढलेले, आणि काटा हलेपर्यंत नुसता सेल्फवर फिरवायचा, मग प्लग लावायचे. तुमच्या मेस्त्रींनाही हेच करायला सांगा, त्यांना राग आला तरी चालेल.

किती खर्च करायचा हे गाडी कशी वापरणार त्यावर आहे. रविवारी फेरी आणि लग्नाला नवरदेव, एवढंच असेल, आवाज नसेल आणि खऱ्या गेजवर गरम आयडल दहा-बारा मिळत असेल, तर मी इंजिनाला हात लावणार नाही, आयडल आणि ऑइल सांभाळत चालवीन. पुण्या-मुंबईला न्यायची असेल किंवा उन्हाळ्यात तासन्‌तास पळवायची असेल तर आत्ताच चेंबर खोलून शेल बघितलेले बरे, शेलवर काम भागतंय तोवर क्रँक वाचतो. तोपर्यंत निपाणीत चालवायला हरकत नाही, टॉप गिअरमध्ये रखडवू नका, दारात विनाकारण चालू ठेवू नका. आणि चालत्या गाडीत, रेसवर असताना लाल दिवा लागला तर घर दोनशे मीटरवर असलं तरी तिथंच बंद करा आणि ओढून न्या.

आता एवढं करा, टेस्टिंग गेजवरचे ते चार आकडे, आयडलचा आरपीएम, आत्ता आत आहे ते ऑइल कुठलं आणि कधी घातलेलं, डिपस्टिकला पेट्रोलचा वास आहे की नाही, हे लिहून पाठवा. घाट चढून वर पोचल्या पोचल्याचा आकडा वेगळा लिहा.